तबकडीची दुसरी बाजू

रेकॉर्डला दोन बाजू असतात. पहिल्या बाजूला कंपनीला विकायचं असतं ते गाणं. दुसऱ्या बाजूला, जागा कोरी ठेवता येत नाही म्हणून टाकलेलं गाणं. पहिली बाजू रेडिओवर वाजते, हॉटेलात वाजते, लोकांच्या तोंडी बसते. दुसरी बाजू फक्त त्याच्यासाठी, ज्याच्या घरी रेकॉर्ड आहे आणि जिला उलटून बघायचा उपद्व्याप ज्याला सुचतो. फिल लायनट या रॉक गायकाबद्दल लिहायचं तर मला ही उलटापालट केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१९७२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या डेका कंपनीने 'थिन लिझी' नावाच्या तीन पोरांच्या बँडची छोटी रेकॉर्ड काढली. गाणारा आणि बेस गिटार वाजवणारा एकच : फिलिप लायनट, वय वर्षं २३, उंच, सडपातळ, काळा. बँडच्या मनात पहिल्या बाजूला एक गाणं होतं. त्याचं नाव 'ब्लॅक बॉइज ऑन द कॉर्नर', म्हणजे नाक्यावरची काळी पोरं. स्वतः लायनटने लिहिलेलं. मागच्या बाजूला भरती म्हणून 'व्हिस्की इन द जार' : आयर्लंडचं जुनं लोकगीत, डोंगरात सरकारी कॅप्टनला लुटणाऱ्या वाटमाऱ्याचं, ज्याला त्याची बाई दगा देते. तालमीत गंमत म्हणून वाजवता वाजवता बसलेलं. कंपनीने ऐकलं आणि रेकॉर्ड पालथी घातली. वाटमाऱ्या वर, काळी पोरं खाली.

धंद्याच्या हिशेबाने कंपनी चुकली नाही. 'व्हिस्की' आयर्लंडमध्ये पहिल्या नंबरावर गेलं, १९७३ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सहाव्या. घराघरात टीव्हीवर लोकांनी एक काळा माणूस आयर्लंडचं गाणं गाताना पाहिला. वा, काय मजा ! आणि नाक्यावरची पोरं ? ती राहिली नाक्यावरच. ज्यांनी रेकॉर्ड उलटली त्यांना भेटली.

आता कुणी म्हणेल, एका गाण्याचं काय एवढं घेऊन बसलात. एका गाण्याचं नाही. या माणसाच्या बाबतीत हे पुन्हापुन्हा झालंय. आणि तो मेल्यावर तर त्याच्या आख्ख्या आयुष्याचीच पहिली बाजू तेवढी वाजवली गेली. म्हणून हा प्रपंच.

जन्मापासून घेऊ. २० ऑगस्ट १९४९. गाव वेस्ट ब्रॉमिच, इंग्लंडचा कारखान्यांचा मुलूख. आई फिलोमिना, डब्लिनच्या कामगारवस्तीतली, वय १८, कामधंद्यासाठी समुद्र ओलांडून आलेली. बाप सेसिल पॅरिस, ब्रिटिश गियानातल्या जॉर्जटाऊनचा, काळा. ब्रिटिश गियाना म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी धरून ठेवलेली वसाहत, आधी आफ्रिकेतून गुलाम आणून राबवली, गुलामी बंद झाल्यावर हिंदुस्थानातून गिरमिटिये आणले. तिथला काळा, आयर्लंडची गोरी आणि लग्न नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर त्या बाळाचं १९४९ च्या इंग्लंडमध्ये स्वागत कसं झालं असेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येईल.

फिलोमिनाला बाळासकट नन्सच्या ताब्यातल्या एका 'माता-बालक गृहात' राहावं लागलं. नाव गोड. आत पोरीकडून राबवून घ्यायचं, पापाची आठवण करून द्यायची आणि मूल दत्तक देऊन मोकळी हो म्हणून पिच्छा पुरवायचा. तिने दिलं नाही. खोली शोधायला गेली की दारावर पाट्या : काळे नकोत, आयरिश नकोत, कुत्री नकोत. त्या काळात तिथे गेलेले लोक या पाट्यांची आठवण आजही सांगतात. फिलोमिनाच्या कडेवर तर एकाच पोरात पाटीवरच्या दोन अटी मोडलेल्या.

परत आयर्लंडला जावं तर तिथे काय होतं ? ज्या वर्षी हे पोरगं जन्मलं त्याच वर्षीच्या एप्रिलात आयर्लंड इंग्रजांच्या राष्ट्रकुलातून बाहेर पडून पूर्ण प्रजासत्ताक झालं होतं. आठशे वर्षांच्या गुलामीविरुद्ध लढलेला देश. पण लग्नाशिवाय पोटुशी राहिलेल्या पोरीला त्या स्वतंत्र देशात जागा नव्हती. तिला भिंतीआड टाकलं जाई. यावर सरकारी आयोग नेमला गेला तो थेट आपल्या काळात. २०२१ च्या जानेवारीत अहवाल आला. १९२२ ते १९९८ या काळातल्या अठरा संस्थांमध्ये मिळून सुमारे ५६,००० बायका आणि ५७,००० मुलं होती. त्यातली सुमारे ९,००० मुलं मेली. पंतप्रधानाने संसदेत माफी मागितली. साहेबाच्या राज्याची नाही, स्वतःच्या राज्याची ही कमाई. परक्याचं जोखड फेकलेला समाज आपल्याच घरातल्या तळाच्या माणसाला कसा चिरडतो, याचा दाखला हवा असेल तर लांब जायला नको, असं मी म्हणणार होतो. पण हा दाखला लांबचाच आहे. जवळचे तुम्हाला माहीत आहेत.

फिलोमिनाने पोर जगवलं, पण सांभाळायला जमेना. म्हणून फिलिप लहानपणीच डब्लिनला आजीआजोबांकडे गेला. आजी सारा. वस्ती क्रमलिन, नगरपालिकेने बांधलेल्या कामगारांच्या घरांची. शाळा ख्रिश्चन ब्रदर्सची, आणि शाळेत काळं पोरगं बहुधा हेच एक. आई तिकडे मँचेस्टरला खस्ता खात होती, पुढे तिने क्लिफ्टन ग्रेंज नावाचं हॉटेल चालवलं, जिथे नाटक-सिनेमा-गाण्यातली माणसं रात्ररात्र बसायची. आईने त्याच्यानंतर झालेली दोन मुलं मात्र दत्तक दिली होती, आणि हे तिने जगाला सांगितलं ते फिलिप मेल्यावर पुष्कळ वर्षांनी. एवढी वर्षं ती बाई पोटात काय घेऊन फिरली असेल !

गाण्याची गोडी लावली मामाने. त्याच्याकडे अमेरिकन काळ्यांच्या संगीताच्या तबकड्या होत्या. पोरगं शाळा सोडून ओतकामाच्या कारखान्यात फिटर-टर्नरची उमेदवारी करू लागलं आणि संध्याकाळी 'ब्लॅक ईगल्स' नावाच्या पोरांच्या बँडमध्ये गाऊ लागलं. मग 'स्किड रो' नावाच्या बँडमध्ये गेला. तिथून त्याला काढला. काढणारा ब्रश शील्स, तोच त्या बँडचा बेसवाला. पण गडी दिलदार : काढलं ते काढलं, वर भरपाई म्हणून त्याने फिलिपला बेस गिटार वाजवायला शिकवलं. म्हणजे या माणसाच्या हातात जे वाद्य आयुष्यभर शोभलं ते नोकरीवरून काढल्याच्या बदल्यात मिळालं. त्यानंतर त्याने स्वतःचा बँड काढला. नाव ठेवलं 'ऑर्फनेज'. अनाथाश्रम. पुढे १९७२ च्या अल्बमच्या नावातही तोच शब्द आला. समीक्षक याला काव्य म्हणतात. मी म्हणतो, पत्ता लिहिलाय त्याने स्वतःचा.

१९६९ च्या अखेरीस 'थिन लिझी' उभा राहिला. लायनट, शाळेपासूनचा दोस्त ड्रमर ब्रायन डाउनी आणि बेलफास्टचा गिटारवाला एरिक बेल. या नावाची गंमत ऐका. 'डँडी' नावाच्या पोरांच्या चित्रकथेत 'टिन लिझी' नावाची पत्र्याची यंत्रबाई होती. बँडने त्यात एक 'ह' घातला आणि 'थिन' केलं. का ? तर डब्लिनचा रस्त्यावरचा माणूस तो 'ह' उच्चारतच नाही, 'थिन' लिहिलं तरी तो 'टिन'च म्हणणार. म्हणजे लिहायचं शुद्ध आणि वाचायचं बोलीत. प्रमाणभाषेच्या मास्तरांची अशी टर उडवून हा बँड जन्माला आला. आवडलं आपल्याला !

बेस गिटारबद्दल थोडं सांगतो, कारण लोक तिच्याकडे बघत नाहीत. चार जाड तारा, खालचा खर्जातला आवाज. ती ड्रमशी हातमिळवणी करते आणि गाण्याखाली फरशी घालते. फरशीकडे कोण बघतो ? म्हणून बेसवाला बहुतेक बँडांत बाजूला, अंधारात, खांबासारखा उभा. आपल्याकडे हलगीवाला मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालतो आणि मानाचा फेटा मागून येणाऱ्याला, तसंच काहीसं. लायनटने हा बेसवाला उचलून मंचाच्या मधोमध आणला. त्याच्या काळ्या फेंडर बेसवर आरशासारखी चकचकीत पट्टी बसवलेली होती. दिव्याचा झोत त्या आरशावर झेलायचा आणि तो लोकांच्या तोंडावर फिरवायचा. मंचावर उजेड पडणार तो कुणावर हे तो ठरवायचा.

आणि हे करताना गायचंही. ज्यांनी वाद्य हातात धरलंय त्यांना विचारा, खर्जाची तार एका लयीत ठेवून तोंडाने दुसऱ्या लयीत गाणं म्हणजे काय ते. लायनट गाताना ठेक्याच्या किंचित मागे राहतो. ओळीत शब्द जास्त कोंबतो, मग सावकाश सोडतो. नाक्यावर उभा राहून किस्सा सांगणाऱ्याची ती लय आहे. त्याच्या गाण्याला शब्दकोश कमी आणि कट्टा जास्त कळतो. १९७४ पासून त्याच्या मागे दोन गिटारी आल्या, स्कॉट गोरम आणि ब्रायन रॉबर्टसन. एकच चाल दोघं वाजवणार, एक वरच्या सुरात, एक खालच्या. पुढच्या कित्येक रॉक बँडांनी ही युक्ती उचलली. पण त्या दोन गिटारींच्या मधून जो आवाज येतो तो तंत्राने येत नाही.

लंडनला बँड १९७१ मध्ये आला होता. ते लंडन कसं होतं ? इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने २० एप्रिल १९६८ ला बर्मिंगहॅममध्ये काळ्या-तपकिरी माणसांच्या येण्याविरुद्ध विष ओकलं होतं. त्याच्याही आधी, १९६४ च्या निवडणुकीत, स्मेथिक गावात उघड वर्णद्वेषाचा प्रचार करून एक उमेदवार जिंकला होता. हे स्मेथिक म्हणजे फिलिपच्या जन्मगावाला लागून असलेलं गाव. तिथल्या आपल्या देशी कामगारांच्या संघटनेने, इंडियन वर्कर्स असोसिएशनने, १९६५ च्या फेब्रुवारीत माल्कम एक्सला बोलावून त्या गावच्या रस्त्यावरून फिरवलं होतं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

आणि 'नाका' म्हटल्यावर लक्षात घ्यायची गोष्ट : त्या वेळी इंग्लंडमध्ये १८२४ सालचा भटक्यांविरुद्धचा एक कायदा जिवंत होता. त्याच्या एका कलमाखाली पोलीस नुसत्या संशयावरून कुणालाही रस्त्यावरून उचलू शकत. गुन्हा करणार असा वाटला, पुरे. उचलली कोण जायची ? नाक्यावरची काळी पोरं. ते कलम १९८१ साली गेलं, ते सुद्धा ब्रिक्स्टन पेटल्याच्या वर्षी. आता सांगा, १९७२ मध्ये 'नाक्यावरची काळी पोरं' हे गाणं मागच्या बाजूला ढकलणं म्हणजे निव्वळ संगीताची निवड होती का ? कंपनीतल्या बाबूच्या मनात द्वेष होता असं मी म्हणत नाही. त्याला द्वेषाची गरजच नव्हती. काय खपेल हे त्याला माहीत होतं, आणि खपण्याचा बाजार आधीच कुणीतरी घडवून ठेवला होता.

१९७५ साली पुन्हा तेच. त्या वर्षीच्या रेकॉर्डची पहिली बाजू 'रोझली'. बॉब सीगरचं गाणं, कॅनडातल्या एका रेडिओ स्टेशनवर कुठली गाणी वाजवायची हे ठरवणाऱ्या बाईवर लिहिलेलं. मागच्या बाजूला लायनटचं स्वतःचं गाणं : 'हाफ कास्ट'.

इथे जरा थांबू या. हाफ कास्ट म्हणजे गोऱ्या-काळ्याच्या संकरातून झालेल्या पोराला इंग्रजीत दिलेली शिवी. पण शब्द बघा. 'कास्ट'. हा शब्द पोर्तुगीजांचा, 'कास्ता'. गोव्यात आणि मलबारात उतरल्यावर इथल्या जाती बघून त्यांनी तो आपल्या समाजाला लावला, आणि तिथून तो इंग्रजांच्या तोंडी बसला. तोच शब्द साहेबाने पुढे जगभर फिरवला आणि गोऱ्या-काळ्याच्या पोराच्या कपाळावर डागला. अर्धी-जात. म्हणजे वेस्ट ब्रॉमिचच्या पोराला मारलेल्या दगडावर आपल्या मुलखातली माती लागलेली आहे. लायनटला हा इतिहास माहीत होता की नव्हता, त्याने काही फरक पडत नाही. दगड त्याला लागला होता. रेगेच्या ठेक्यावर त्याने गाणं बांधलं ते लंडनमधल्या अशा तपकिरी पोराचं, ज्याला काळ्यांच्या वस्तीतही पत नाही आणि गोऱ्यांच्या वस्तीतही नाही. पोरीच्या बापाच्या दारात दोन्हीकडे तो कमीच. हे गाणंही मागच्या बाजूला. रेडिओवाल्या बाईची स्तुती पुढे, अर्धी-जात मागे. एवढी चोख व्यंग्यकथा लिहायला बसलो असतो तर जमली नसती.

मुखपृष्ठांचं मात्र वेगळं झालं. तिथे कंपनीची मात्रा चालली नाही, कारण तिथे जिम फिट्झपॅट्रिक होता. नाव ओळखीचं नसेल, हात ओळखीचा आहे. चे गव्हेराचं ते लाल-काळं चित्र, टोपीवर तारा, जे तुमच्यापैकी अर्ध्यांच्या खोलीत भिंतीवर होतं किंवा आहे, ते कोर्दाच्या फोटोवरून १९६८ साली याच माणसाने केलं. जगात कुणीही छापावं म्हणून त्याने ते मोकळं सोडलं. तो डब्लिनचा, लायनटचा मित्र. १९७४ च्या 'नाइटलाइफ' अल्बमवर त्याने रात्रीच्या शहरात दबा धरलेलं एक काळं जनावर काढलं. पँथर. माल्कम एक्स, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्याची आठवण त्यामागे होती, असं चित्रकारानेच पुढे सांगितलंय. १९७२ साली मुंबईत ज्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव उचलून आपल्या छातीवर लावलं, त्यांना या लंडनच्या रेकॉर्डची खबर असण्याचं कारण नव्हतं, आणि याला त्यांची नव्हती. पण जनावर तेच. आतली गाणी बरीचशी मऊ, प्रेमाबिमाची, ही गोष्ट खरी. अल्बम फारसा खपलाही नाही. मुखपृष्ठ त्या गाण्यांपेक्षा धारदार आहे.

१९७६ साली कंपनी बँडला बाहेरचा रस्ता दाखवायच्या बेतात असताना 'जेलब्रेक' आला आणि त्यातलं 'द बॉइज आर बॅक इन टाऊन' उसळलं. ब्रिटनमध्ये आठवं, अमेरिकेत बारावं. खुद्द बँडला त्या गाण्यात काही विशेष वाटलं नव्हतं. गाव सोडून गेलेली पोरं परत आलीत, एवढीच गोष्ट. पण ऐकताना कळतं की नाक्यावरची पोरं शेवटी पहिल्या बाजूला पोचली. फक्त 'काळी' हा शब्द वाटेत गळाला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून एरिक क्लॅप्टन दारूच्या नशेत इनॉक पॉवेलच्या बाजूने बरळला. हा तोच क्लॅप्टन, ज्याने दोन वर्षांपूर्वी बॉब मार्लीचं गाणं गाऊन अमेरिकेत पहिला नंबर मिळवला होता आणि ज्याचं सगळं गिटारवादन काळ्यांच्या ब्लूजवर पोसलेलं. त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. काळ्यांचा सूर हवा, काळा शेजारी नको. हे वाक्य ज्यांना नवीन वाटतं त्यांनी आपल्या घरातल्या लोककलाप्रेमी पाहुण्यांकडे एकदा नीट बघावं.

१९७७ च्या सुरुवातीला थिन लिझी क्वीन या बँडबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बुलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. म्हणजे बघा, त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या प्रचंड सभागृहांत ब्रिटिश रॉक म्हणून जे पोटभर ऐकलं गेलं त्याच्या दोन्ही तोंडांना साम्राज्याच्या वसाहतींतून आलेलं रक्त होतं. मर्क्युरी आपल्या मुळाबद्दल फारसा बोलला नाही. त्याला दोष देणारा मी कोण, त्या बाजारात गप्प राहणं ही सुद्धा जगण्याची रीत आहे. पण लायनटला गप्प बसायची सोय नव्हती. नाव बदलून चामडी बदलत नाही.

मग त्याने केलं काय ? रडत बसला नाही आणि 'मला आत घ्या' म्हणून अर्जही केला नाही. त्याने आख्खा आयर्लंड उचलला आणि स्वतःच्या नावावर करून टाकला. पहिल्याच अल्बमवर 'एअर' नावाचं गाणं, आयर्लंडचं तिथल्या भाषेतलं नाव. 'जेलब्रेक'वर 'एमराल्ड', जुन्या टोळ्यांच्या लढाया. आणि १९७९ मध्ये 'ब्लॅक रोज'. आयरिश कवितेत देशाला एक जुनं टोपणनाव आहे, 'रोशीन डव', म्हणजे काळा गुलाब. इंग्रजांच्या राज्यात उघडपणे देशाचं नाव घेता येत नव्हतं तेव्हा प्रेयसीला हाक मारतोय असं भासवून देशाला मारलेली हाक. शतकानुशतकं गोऱ्या आयरिश कवींनी हा काळा गुलाब गायला. लायनटने तो उचलला, त्यात लोकधुना गुंफल्या, पुराणातला कुखुलिन आणला, जॉइस, येट्स, वाइल्ड यांच्या रांगेत फुटबॉलवाला जॉर्ज बेस्ट बसवला, आणि मंचाच्या मधोमध उभं राहून गायला. आता कुठला मायेचा पूत विचारणार की गुलाब काळा कसा ? साडेतीनशे पानांच्या प्रबंधात जमणार नाही ते त्याने सात मिनिटांत केलं. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हे. एखाद्या समाजाने तुम्हाला नाकारलं तर त्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा त्याचा सगळ्यात जपलेला शब्द उचलून तो तुमचाच अर्थ सांगतोय हे दाखवणं, यात जो माज आहे तो मला फार आवडतो.

आता दुसरंही सांगायला हवं. नुसत्या आरत्या ओवाळायला आपण बसलेलो नाही.

त्याला काउबॉयचं भलतं वेड. 'काउबॉय साँग' लिहिलं, चित्रपटातल्यासारखा एकटा मर्द घोड्यावर. अरे, त्या काउबॉयच्या टाचेखाली कोण होतं ? हे त्याला अगदी कळत नव्हतं असंही नाही, कारण १९८० च्या 'चायनाटाऊन' अल्बमवर रेड्यांच्या कत्तलीवर, म्हणजे मूळ अमेरिकनांचं अन्नच मारून टाकण्यावर, 'जेनोसाइड' नावाचं गाणं आहे. दोन्ही त्याच्याच पेनातून. बायकांच्या बाबतीत तर त्याची बरीच गाणी फुशारकीच्या पुढे सरकत नाहीत. बाई म्हणजे शिकार, नाहीतर दगा. ज्याची आई एकटीने एवढं जग अंगावर घेऊन उभी राहिली त्याला हे शोभत नव्हतं. आणि त्याला स्वतःला तरुणपणी एक मुलगा झाला, तो दत्तक दिला गेला. अनाथाश्रमाची गाणी लिहिणाऱ्याने मागे काय ठेवलं ते बघा. फक्त दोनच बायका त्याच्या गाण्यात पूर्ण माणूस म्हणून येतात, आणि दोघींचं नाव सारा. १९७२ चं गाणं आजीवर, १९७९ चं मुलीवर.

चळवळीत तो कधी पूर्ण उतरला नाही. त्याला स्टार व्हायचं होतं, झाला. १९८० साली एकट्याच्या नावावर काढलेल्या 'सोलो इन सोहो' अल्बमवर त्याने 'ओड टू अ ब्लॅक मॅन' गायलं, उघड, काळ्या माणसांची नावं घेत. आश्चर्य असं की ते रेकॉर्डच्या आत होतं तरी त्याच्यावरच्या लेखांत फार कुणी त्याचा उल्लेख करत नाही. १९८१ च्या ऑगस्टात स्लेनच्या किल्ल्याच्या मैदानावर पहिली मोठी रॉक मैफल झाली, मुख्य बँड थिन लिझी. यू-टू तेव्हा त्यांच्या आधी वाजवून गेला. पण तोवर हेरॉइनने घर केलं होतं. १९८३ मध्ये बँड फुटला. नवा बँड काढला, त्याला कुणी कंपनी मिळाली नाही. १९८५ मध्ये जुना मित्र गॅरी मूरबरोबरचं 'आउट इन द फील्ड्स' ब्रिटनमध्ये पाचव्या नंबरावर गेलं. धर्माच्या नावावर उत्तर आयर्लंडमध्ये पडणाऱ्या मुडद्यांवरचं गाणं. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी तो घरात कोसळला. आईला तोवर हेरॉइनचं माहीत नव्हतं. ४ जानेवारी १९८६ ला सॉल्झबरीच्या इस्पितळात गेला. रक्तात विष भिनलेलं, न्यूमोनिया, हृदय थकलेलं. वय ३६.

नशेने मेला म्हणून त्याला शहीद करायचं कारण नाही. आपल्या किती चांगल्या पोरांना बाटलीने आणि गर्दने खाल्लं ते आपण मोजलंय. ती व्यवस्थेची कृपा असते तशी आपली हारही असते. दोन्ही बोला.

मला खरा राग येतो तो नंतरच्या कौतुकाचा. १९ ऑगस्ट २००५ ला डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटजवळ त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. २०१९ मध्ये आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने त्याच्या नावाचं चांदीचं नाणं काढलं. ज्या देशात त्याच्या आईला तोंड दाखवायची सोय नव्हती त्या देशाने पोराचं तोंड नाण्यावर घडवलं. ठीक आहे, उशिरा का होईना. पण त्याच्याबरोबर एक वाक्य नेहमी येतं : 'फिल आमचाच होता हो, तो काळा आहे हे आमच्या कधी लक्षातच आलं नाही.' मोठ्या प्रेमाने म्हणतात. लक्षात आलं नाही ? शाळेतल्या एकुलत्या एक काळ्या पोराचा रंग तुमच्या लक्षात आला नाही ? मग 'हाफ कास्ट' कुणी लिहायला लावलं ? 'ब्लॅक बॉइज' कुठून आलं ? आपल्याकडेही असले लोक आहेत, 'आमच्या घरात जात पाळत नाहीत' म्हणताना ज्यांच्या चेहऱ्यावर पदक मिळाल्यासारखा भाव असतो. रंग दिसला नाही म्हणणं म्हणजे रंगापायी जे भोगलं तेही दिसलं नाही म्हणणं. मोठेपणा देऊन जखम काढून घ्यायची. रेकॉर्ड पालथी घालायची हीच रीत, फक्त या वेळी कंपनी नव्हती, चाहते होते.

फिलोमिना मात्र शेवटपर्यंत पुरून उरली. मुलगा गेल्यावर तिने आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याच्या दफनभूमीवर जात राहिली, येणाऱ्या पोरांशी बोलत राहिली. २०१२ साली अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात त्यांचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार 'द बॉइज आर बॅक इन टाऊन'च्या तालावर मंचावर आला. पहिल्या बाजूचं गाणं शेवटी कुणाच्या हाती गेलं ते बघा ! म्हातारी ८१ वर्षांची. तिने जाहीर सुनावलं : हे माझ्या पोराला चाललं नसतं. श्रीमंतांवर जास्त कर नको म्हणणारे आणि समलिंगी माणसांच्या लग्नाला विरोध करणारे हे लोक, त्यांच्यासाठी त्याने ते लिहिलं नव्हतं. २०१९ च्या जूनमध्ये ती गेली.

रेकॉर्ड आता कुणी उलटत नाही. मोबाइलवर बोट फिरवलं की गाणं लागतं, मागची-पुढची बाजू राहिलेलीच नाही. तेव्हा 'ब्लॅक बॉइज ऑन द कॉर्नर' आणि 'हाफ कास्ट' शोधायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आवाज मोठा ठेवा, बेसकडे लक्ष द्या.